पुस्तकं झटकणारी बाई

शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत, टायरवाल्यांच्या मागे, एका धर्मादाय संस्थेचं जुन्या सामानाचं दुकान आहे. दुकान कसलं, गोदामच. कुवेत कायमचं सोडून जाणारी माणसं आपला संसार तिथे आणून टाकतात. पडदे, कुकर, मुलांच्या सायकली आणि पुस्तकं. पुस्तकांचा कोपरा नूरुद्दीन हुर्झुककडे होता.

नूरुद्दीन मुरुडकडचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि इराकशी झालेल्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी मामाच्या ओळखीने इथे आला. आधी किराणा दुकानात पोती उचलली, मग एका घरी ड्रायव्हर म्हणून राहिला, आणि गेली अकरा वर्षं या गोदामात होता. वय एकोणसाठ. साठी उलटल्यावर आपला आकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढेल की विमानात बसवून देतील, या एकाच काळजीत तो असे. म्हणून कुणाच्या डोळ्यांत यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

पण त्याच्याकडे लपवण्यासारखं एक होतं. सामानात सापडलेली वस्तू मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या टेबलावर ठेवायची आणि कागद असेल तर फाडून टाकायचा, असा नियम होता. कोटाच्या खिशातलं घड्याळ ठेवून घेणाऱ्या एका कामगाराला आठ दिवसांत मायदेशी पाठवलं होतं. तरीही पुस्तकांत सापडलेली पत्रं, फोटो, पत्रिका नूरुद्दीन आपल्या लॉकरमध्ये, जादा शर्टाच्या खाली ठेवत असे. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी नाशिकचे एक इंजिनियर धापा टाकत आले होते. वारलेल्या बायकोने हाताने लिहिलेली पानं स्वयंपाकाच्या पुस्तकात राहिली होती. नूरुद्दीनने ती त्याच दिवशी सकाळी फेकली होती. इंजिनियर मागच्या पिंपापाशी गेले, रिकाम्या पिंपात वाकून पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. त्या दिवसापासून नूरुद्दीनच्या हातून कागद फाडला जाईना.

अशात ती बाई यायला लागली. दर शनिवारी. पन्नाशीची, सुती कुडता, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पुस्तकाचं नाव बघायची नाही की किंमत विचारायची नाही. दोन्ही पुठ्ठे धरून पुस्तक उलटं करायची आणि झटकायची. मग पहिल्या पानावर बोट फिरवायची, मोबाइलने फोटो काढायची आणि वहीत काहीतरी टिपायची.

"सिराज, ती बाय कोण असंल?" नूरुद्दीनने फर्निचरवाल्या सिराजला विचारलं.

"चेकिंगवाली," सिराज खाट खोलता खोलता म्हणाला. "आजकल साध्या कपड्यांत पाठवतात."

नूरुद्दीनने जाऊन आपल्या लॉकरचं कुलूप ओढून पाहिलं.

पुढच्या शनिवारी ती सरळ त्याच्याकडेच आली. "चाचा, तुम्हाला मराठी वाचता येतं का?"

"नाय."

"मग कथा एका फळीवर आणि कविता दुसऱ्या फळीवर कशा लावल्यात?"

"जाडी बघून लावतो," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिने हातातलं पुस्तक उघडून पुढे धरलं. पानावर टाचणीची दोन भोकं होती आणि भोवती गंजाचा डाग. "इथे काहीतरी टाचलेलं होतं. कुठे गेलं?"

"मना काय म्हाईत? आला तसाच हाय."

ती गेली, पण दारातून वळून तिने एकदा लॉकरच्या रांगेकडे पाहिलं, असं त्याला वाटलं. त्या रात्री त्याला झोप नाही. कागद घरी न्यावेत तर दारावर पिशवी तपासतात. फाडावेत तर ते इंजिनियर डोळ्यांपुढे येतात.

आठवड्याच्या मधेच एका कादंबरीत त्याला चिठ्ठी सापडली. ताजी शाई, चौघडी घातलेली. "ही चिठ्ठी कुठे जाते ते मला बघायचं आहे." एवढंच. आपल्यासाठी सापळा लावलाय, हे कळायला सातवीसुद्धा जास्त झाली. त्याने चिठ्ठी पुन्हा घडी घालून आत सरकवली आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं.

शनिवारी तिने तेच पुस्तक काढलं. चिठ्ठी उघडली, बंद केली, आणि त्याच्याकडे वळली.

"मी अक्षरं आत ठेवून घडी घातली होती. आता ती बाहेर आलीत."

नूरुद्दीन फळीवरची पुस्तकं सरळ करू लागला.

"वाचता येतं तुम्हाला, म्हणूनच ही परत ठेवलीत. कागद तुम्हीच काढता. काय करता त्यांचं? विकता?"

'विकता' हा शब्द त्याला चटका बसावा तसा लागला. भीती बाजूला राहिली. "आदी तुमी कोण ता सांगा. हापिसातून आलाव?"

"ऑफिसातून? मी लेखिका आहे. सुमन खांबेटे."

"लेखिका मंजे?"

"पुस्तकं लिहिते. कुवेत सोडून गेलेल्या लोकांवर लिहायचंय, म्हणून पुस्तकांवरची नावं टिपून घेते, आत राहिलेले कागद शोधते."

नूरुद्दीनला खरं वाटेना. पण नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. तो मागच्या फळीकडे गेला आणि एक निळी कादंबरी घेऊन आला. मागच्या पुठ्ठ्यावर फोटो होता, वीसेक वर्षांपूर्वीचा. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट बघतो तसा तो एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. नाक तेच होतं.

"हितंच थांबा," तो म्हणाला.

त्याने लॉकर उघडून शर्टाखालचं कागदांचं पाकीट काढलं. सगळं पाकीट त्याने आणलं नाही. एवढा विश्वास नव्हताच. त्यातला एकच कागद काढून आणला. "ह्या तुमच्या पुस्तकात होता. तुमचाच हाय."

ते टपालात न पडलेलं पत्र होतं. सुमनताईंनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"तुमच्या कादंबरीत घरकामाच्या बाईने अंगठी चोरली असा मालकिणीला संशय येतो आणि ती तिला काढून टाकते. अंगठी शेवटपर्यंत सापडत नाही. बाईने ती घेतली की नाही, हे तुम्ही सांगतही नाही. माझी आई सोळा वर्षं इथे लोकांच्या घरी राबली. लिहिणारीला तरी ठाऊक असतं ना? मग सांगितलं का नाही? अफ्रीन."

सुमनताई जवळच्या विकाऊ खुर्चीवर बसल्या. पत्राची घडी घालत म्हणाल्या, "मला ठाऊकच नव्हतं, चाचा. अंगठी माझी होती. सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरातली. माहीन नावाची रत्नागिरीची बाई होती कामाला. मी तिला एका दिवसात घालवलं."

"आनि अंगठी?"

"नाही सापडली."

"तिला एक मुलगी व्हती?"

"होती म्हणे गावाला. नाव मी कधी विचारलं नाही."

नूरुद्दीनने निळी कादंबरी उचलून बाजूला ठेवली. मघाशी 'विकता' म्हणणारी बाई हीच, एवढं मात्र त्याच्या मनात आलं.

पुढच्या आठवड्यात सुमनताई स्वतः मुदीरकडे गेल्या. नूरुद्दीनचं नाव न घेता त्यांनी विचारलं की पुस्तकांत सापडणारे कागद फेकण्याऐवजी एका खोक्यात ठेवले तर चालेल का, आम्ही मराठी मंडळी त्यांचे मालक शोधू. मुदीरने खांदे उडवले. ठेवा म्हणाला. नूरुद्दीन दोन महिने त्या खोक्याकडे फिरकला नाही. हाही सापळाच असेल, असं त्याला वाटत होतं. मग एकेक करून त्याने आपले कागद आत सोडले. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं गेली, आणि पाच-सहा घरांना आपापल्या वस्तू पोचल्या. नाशिकच्या इंजिनियरांना द्यायला मात्र काही नव्हतं.

अफ्रीनसाठीही सुमनताईंनी निरोप टाकला. "एक जुनं पत्र सापडलं आहे, फोन करावा," इतकाच. महिन्याभराने फोन आला तेव्हा त्या दुकानातच होत्या. त्यांनी स्पीकर लावला.

"ते पत्र माझं नाही," पलीकडची बाई म्हणाली. आवाज जपून काढलेला. "अफ्रीन खूप असतात." थोडं थांबून तिने विचारलं, "अंगठी सापडली का पण?"

सुमनताईंनी डोळे मिटले. "नाही. पण ती माहीनने घेतली असं म्हणायला मला काहीच आधार नव्हता. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

पलीकडे मुलाने इंग्रजीत काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर तो नंबर लागेना.

"तीच ती," नूरुद्दीन म्हणाला.

"नाही म्हणाली ना."

"मी बी नायच म्हनलो व्हतो, बाय."

नूरुद्दीनचा आकामा त्या वर्षी वाढला नाही. जाण्याआधी त्याने फळ्यांवरची पुस्तकं पुन्हा एकदा लावली आणि खोक्याची यादी सिराजच्या हाती दिली. सुमनताई निरोपाला आल्या, तेव्हा त्याने निळी कादंबरी पिशवीत घातली होती. मुदीरची चिठ्ठी घेऊन, रीतसर.

"वाचणार?" त्यांनी विचारलं.

"बघतो," तो म्हणाला. "तुमी दुसरा लिवला की धाडा. त्यात मी असलो तर आदी वाचीन, मंग खरा का खोटा ता सांगीन."