पाच दिवसांचा अंदाज

आमच्या घरातला कुठलाही निर्णय नांदेडला विचारल्याशिवाय होत नाही. नांदेडला म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, भाऊजींना. ते तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. लातुरात प्लॉट घ्यायचा असो की घराला रंग द्यायचा असो, नवरा आधी फोन लावतो, "दादा, काय करावं?" दादा सांगतात आणि आम्ही करतो. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं कौतुक वाटायचं. ते फार दिवस टिकलं नाही.

मुलगी युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेली तीही त्यांच्याच सल्ल्याने. लातुरात ज्याचं पोर डॉक्टर होणार नसतं, त्याच्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. तिची इथली सरकारी जागा थोडक्यात हुकली आणि भाऊजींनी तिकडची वाट दाखवली. तिचं शहर पूर्वेच्या टोकाला, रशियाच्या सीमेपासून गाडीने तासाभरावर. ती चौथ्या वर्षाला असताना रशियाने त्या सीमेवर फौज आणून बसवली. मग आमच्या घरात एकच विषय उरला, पोरीला परत बोलवायचं की नाही.

तिने आमच्यावर सोपवलं होतं. कॉलेज चालू होतं, गैरहजर राहिलं तर वर्ष जाणार होतं. "तुम्ही ठरवा, ये म्हणालात तर उद्याच तिकीट काढते," एवढंच ती म्हणाली. आम्ही ठरवणार म्हणजे कोण ठरवणार, हे तिलाही माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाऊजी सकाळच्या बसने आले. मी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. खाता खाता त्यांनी टीपॉयवर शेंगदाण्याच्या चटणीची वाटी मध्ये ओढली, ती युक्रेन. पाण्याचा तांब्या रशिया. वाटीच्या कडेला दोन मिरच्या ठेवल्या, ते पूर्वेचे दोन प्रांत. मी वीस-बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते, पण नकाशा ते मला सांगत नव्हते, नवऱ्याला सांगत होते. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांची पद्धत नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "दुसऱ्याचा प्रांत घ्यायचा म्हणजे तिथली माणसं आधीच अर्धी तुझ्याकडं असावी लागतेत. तशी ती ह्या दोनच प्रांतांत हायेत. तेवढे घेईल आन थांबेल. लई झालं तर पाच दिवस. आपल्याकडं काय झालं? पोलीस ॲक्शनला पाच दिवस लागले. संस्थान गेलं, सहाव्या दिवशी बाजार भरला."

हे त्यांचं ठरलेलं भाषण. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं की कॉलेजात ते हेच बोलायचे. निजामाचं राज्य पाच दिवसांत कसं कोसळलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्या पाच दिवसांच्या आधी आणि नंतर गावागावांत किती माणसं मारली गेली, ते मात्र भाषणात कधी यायचं नाही. माझ्या माहेरी, उदगीरकडे, ते सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे, एवढंच. आमच्या आळीतली दोन घरं तेव्हापासून ओस पडलेली मी लहानपणी पाहिली आहेत. पण भाऊजींच्या हिशेबी जग म्हणजे मराठवाडा, आणि मराठवाड्याचा इतिहास म्हणजे त्यांचं भाषण.

मी न राहवून बोलले. सीमेवर फौजेसाठी रक्ताच्या पिशव्या नेल्याची बातमी मी वाचली होती. मुलीला फोन करून विचारलंही होतं, रक्त किती दिवस टिकतं गं? ती म्हणाली, सव्वा-दीड महिना. मी म्हटलं, "नुसतं भीती दाखवायला कुणी रणगाडे नेईल, तंबू नेईल. नासणारं रक्त कशाला नेईल? तिला आजच बोलवा."

भाऊजी हसले आणि नवऱ्याला म्हणाले, "हिला सांग, फौजेच्या सरावात पण माणसं जखमी होतेत. टीव्हीवाले भीती घालायलेत. उगं भिऊन राहिली ही." नवऱ्याने मान डोलावली. मुलीला निरोप गेला, अभ्यास कर, काही होत नाही.

त्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. पोरगी जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनात, फरशीवर, शेकडो माणसांत. फोन लागला तर मागे लहान लेकरं रडताना ऐकू यायची. ती म्हणायची, "मी बरी हाय." यापलीकडे काही नाही. नवरा टीव्हीसमोरून हलत नव्हता. पाचवा दिवस उजाडला तेव्हा त्याने नांदेडला फोन लावला. "दादा, पाच दिवस झाले." पलीकडून उत्तर आलं, "अजून दोन दिवस बघ." तेवढ्या दिवसांत मला त्या दोघांचा जेवढा राग आला, तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

ती आली. गर्दीच्या रेल्वेत उभ्याने, मग पश्चिमेच्या सीमेपर्यंत बर्फातून चालत, मग विमानाने. भाऊजी हार घेऊन हजर. तिच्या गळ्यात घालत म्हणाले, "सांगितलं होतं ना, काही होत न्हाई." तिने हार काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि आत जाऊन झोपली. पुढे रशियाने चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. "बघ, प्रांतच घेणार म्हणालो होतो की न्हाई?" दोनाचे चार झाले, आणि लढाई तेवढ्यावरही थांबली नाही, त्याचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. अंदाज खरा ठरल्याचा आनंद त्यांच्या आवाजात मावत नव्हता.

इथे तिला कुठल्याच कॉलेजने घेतलं नाही. वर्ष-दीड वर्ष ती वरच्या खोलीत मोबाईलवर तिकडच्या कॉलेजचे तास बघत बसली. पेशंटला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, हे सरकारला कळत होतं आणि तिलाही. शेवटचं वर्ष तिकडे जाऊनच करावं लागणार होतं. घरात पुन्हा नांदेडच्या फोनची भाषा सुरू झाली.

एके सकाळी ती खाली आली ती बॅग भरूनच. तिकीट काढलेलं. पोलंडपर्यंत विमान, तिथून बस. कॉलेज त्याच शहरात. नवरा उठून उभा राहिला, "दादांना तरी विचारायचं."

"त्यांना काय विचारायचं?" ती म्हणाली. "तिथं जायचंय मला."

मला आत कुठेतरी बरं वाटलं, ते लपवायचं कारण नाही. सगळ्या घरात मी एकटीच तेव्हा खरं बोलले होते. मी म्हटलं, "अगं, पण मला तरी विचारायचंस."

तिने बॅगेची चेन ओढली. "तुला तर मुळीच न्हाई, आई. तू खरं सांगशील. मग मला जाता यायचं न्हाई."

ती आता तिथेच आहे, शेवटच्या वर्षाला. शनिवारी फोन करते आणि म्हणते, मी बरी हाय. ते शहर टिकेल की जाईल, याचा माझाही एक अंदाज आहे. तिने विचारलेला नाही आणि मी सांगितलेला नाही.