बोगद्यातली गाईडताई

तिला सगळे गाईडताईच म्हणत. आईसुद्धा रागावली की तेच म्हणायची. डोंगरातलं ते गाव तांब्याच्या खाणीवर उभं राहिलं, खाण बंद पडली तसं ओस पडायला लागलं, आणि मग धबधबा, तळ्यातल्या होड्या, पठारावरच्या पायवाटा यांच्या जिवावर पुन्हा सावरलं. पाहुण्यांना सगळ्यात जास्त ओढ मात्र खाणीच्या जुन्या बोगद्याची. दिवसातून चार वेळा ती बारा-बारा जणांना आत न्यायची आणि लोखंडी दारापाशी थांबून सांगायची, "याच्या पलीकडे छत कोसळलं. सात माणसं आतच राहिली."

त्यातला एक तिचा बाप. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे तिनं पाहुण्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण पर्यटन केंद्राच्या मॅनेजरला कुठून तरी कुणकुण लागली.

"सांगा की ताई, लोक हेलावतात," तो म्हणाला.

तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाक्य अर्धंच राहिलं. महिन्याभरात ते सहज पुरं होऊ लागलं, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली.

शहरातल्या धाकट्या बहिणीनं एका दवाखान्यात तिच्यासाठी काम बघून ठेवलं. गाईडताईनं बॅग भरली. आई खिडकीशी बसून डोंगराकडे बघत होती.

"आई, तूही चल."

"तू जा, बाई. मी नाही अडवत." मग डोंगराकडे हात करत म्हणाली, "ते आत आहेत, मी कशी हलू?"

चौतीस वर्षं आई हेच म्हणत आली होती. गाईडताईनं बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. बहिणीला फोनवर नुसतं "नाही जमत गं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोखंडी दारापाशी तिच्या तोंडून निघालं, "सहा माणसं आत राहिली."

"दारावरच्या पाटीवर तर सात नावं आहेत," एक पाहुणा म्हणाला.

"सातवं माझ्या वडिलांचं. त्यांचं सांगायचं नाही, असं ठरवलंय मी."

त्या पाहुण्याची तक्रार मॅनेजरपर्यंत पोचली. त्यानं तिला तळ्याकाठच्या तिकीट खिडकीवर बसवलं. समोर मोकळं पाणी, अंगावर ऊन. आठवडा गेला तरी तिचं मन तिथं लागेना. तेवढ्यात तिच्या जागी घेतलेला माणूस बोगद्यात जीव घुसमटतो म्हणून काम सोडून गेला. मॅनेजर स्वतः तळ्यावर आला.

"तुम्हाला हवं तेवढंच सांगा ताई, पण या."

‘नाही’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं खिडकी बंद केली आणि त्याच्या मागोमाग बोगद्याकडचा चढ चढू लागली.