लिंबाचा धूर

आमच्या गल्लीत कडुलिंबाची मोठाली झाडं आहेत आणि शिवरात्रीच्या आसपास ती सगळी एकदम पानं टाकायला लागतात. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं. त्यामुळे झाडू आणि काडीपेटी या दोन वस्तू आमच्याकडे जोडीनंच बाहेर यायच्या. आपल्या फाटकासमोर झाडायचं, ढीग करायचा, पेटवायचा आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभं राहायचं. याला आम्ही सगळे स्वच्छता म्हणत होतो.

त्यात लिंबाचा धूर औषधी, ही गल्लीची पक्की समजूत. डास जातात, हवा शुद्ध होते, वगैरे. आमचे हे तर या मताचे मोठे कैवारी. एसटीतून निवृत्त झाल्यावर दिवसातलं पहिलं काम त्यांनी हेच धरलं होतं. ढिगात बिस्किटांचे पुडे, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्याही असायच्या, पण त्यांचा वास लिंबाच्या नावावर खपून जाई. मी कुरकुरले की म्हणायचे, "तुला काय कळतंय? घे नाकानं जरा, फुकटचं औषध हाय."

गेल्या पावसाळ्यानंतर हे औषध त्यांच्याच छातीत जाऊन बसलं. आधी खोकला, मग धाप, मग बोलताना मध्येच थांबणं. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दमा सांगितला आणि तोंडात ओढायचा पंप हातात दिला. ह्यांनी तिथंही लिंबाची बाजू मांडून पाहिली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, धूर लिंबाचा आहे हे तुमच्या फुप्फुसाला कळत नाही. तो बंद करा, नाहीतर तुम्ही तिथून हला."

ह्यांनी त्या दिवसापासून काडीपेटी सोडली. पण एका घरानं सोडून काय होणार? यंदा पानगळ सुरू झाली आणि गल्ली रोजच्यासारखी धुमसायला लागली. ऊन तर आता माघातच चटका देतं. खिडक्या लावाव्यात तर खोलीची भट्टी होते आणि कूलर लावावा तर तो बाहेरचाच धूर ओढून आत आणतो. हे बंद खोलीत उघड्या अंगानं, पंप मुठीत धरून बसलेले असत. पुण्याच्या मुलानं फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि निर्णयच सांगून टाकला. "आई, पाडव्याला मी गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेवा. बाबा आता तिथं राहायचे नाहीत."

मला जायचं नव्हतं. वाईट वाटलं असं नुसतं म्हणून भागणार नाही, मला संताप आला होता. हे घर आम्ही पोटाला चिमटा काढून बांधलं. चुलीचा धूर नको म्हणून गाव सोडलेली मी, आणि आता पाल्याच्या धुरापायी शहर सोडायचं? ह्यांना विचारलं तर ते छताकडे बघत म्हणाले, "जाऊ. काय करायचं मग?" त्या उत्तरानं मला जास्त भीती वाटली. हा माणूस कशालाच इतक्या लवकर हो म्हणत नाही.

मग मी गल्लीत शिकवणी सुरू केली. टीव्हीवर ऐकलेलं सगळं ऐकवलं. धुरानं हवा बिघडते, हवा बिघडून पृथ्वी तापते, पाऊस वेळेवर येत नाही, कापूस जळतो. सिमेंटचे रस्ते, एसीची गरम हवा, गाड्या, कारखाने, काही सोडलं नाही. लोक मान डोलवायचे. समोरच्या मावशी गल्लीत सगळ्यात आधी उठणाऱ्या आणि सगळ्यात आधी काडी लावणाऱ्या. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आगं माय, तिकडं कारखाने मायंदळ धूर सोडतेत, त्यान्ला कुनी बोलत नाय. अन् माझ्या मूठभर पाल्यानं पिर्थवी तापती व्हय? लिंबाचा हाय तो. इखार नाय."

त्यांचं सगळं चुकीचं नव्हतं. पण ह्यांची छाती काही पृथ्वीएवढी मोठी नाही, तिला मूठभर पालाही पुरत होता. घरी येताना वाटलं, ह्या बाईला शिकवायला आपण कोण? शिकवलेलं कुणाला आवडतं? मागितलेलं मात्र आमच्याकडे कुणी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन त्यांच्या फाटकात उभी राहिले.

"मावशी, तेवढा पाला मला द्या की."

"कशाला गं?"

"ह्यांना खताचा उकिरडा करायचाय."

हे मी तिथल्या तिथं बनवलेलं कारण. पण मावशींनी काडीपेटी कनवटीला लावली आणि पाटी स्वतः भरून दिली. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे, तिथं मी ढीग घालत गेले. चार दिवसांत माझी कंबर मोडली आणि ढीग डोक्याइतका उंच झाला. पाचव्या दिवशी हे तोंडाला उपरणं बांधून, खुर्ची घेऊन तिथं आले.

"हा काय उकिरडा हाय का?" ते म्हणाले. "वाऱ्यानं उडून जाईल सगळा. खड्डा पायजे."

ह्यांचं बालपण लासूर स्टेशनकडच्या शेतात गेलेलं. उकिरडा हा त्यांचा हातखंडा विषय आहे हे मी इतक्या वर्षांच्या संसारात विसरूनच गेले होते. त्यांनी खुर्चीत बसून प्लॉटच्या मालकाला फोन लावला, खड्ड्याची परवानगी घेतली, खोदणारा माणूस बोलावला. पाल्यातून पुड्या आणि पिशव्या वेगळ्या काढायला लावल्या. लिंबाचा पाला लवकर कुजत नाही म्हणून गंगापूरच्या धाकट्या दिराकडून शेण मागवलं. दीर बिचारे ते पोत्यात घालून वडापच्या जीपनं घेऊन आले आणि वाटेत प्रवाशांनी त्यांचा काय उद्धार केला ते सांगत जेवले. पाण्याची पंचाईत होती, कारण आमच्या नळाला पाणी म्हणजे पाहुणाच. मग भाजी धुतलेलं आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी घरोघरी बादल्यांत साठायला लागलं. हे रोज दुपार टळली की खुर्चीत बसून हुकूम सोडत आणि मी आनंदानं शिव्या घालत ते पाळत होते.

आणि होळी आली.

आमच्या गल्लीची होळी वर्षानुवर्षं त्याच प्लॉटवर पेटते. हे आमच्या दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं. संध्याकाळी मी पुरण वाटून बाहेर आले तर गल्लीतल्या सगळ्या बाया नटूनथटून खड्ड्याभोवती. खोदलेला खड्डा, वर सुका पाला, पलीकडे शेण. उकिरड्याच्या निमित्तानं यंदा होळीची तयारीही आम्हीच करून ठेवली, असं सगळ्यांनी धरलं होतं. उकिरड्याला हळदकुंकू लागलेलं, हार घातलेला, पुरणपोळीचा नैवेद्य ठेवलेला. मावशी काडी ओढायच्या बेतात.

मी ओरडलेच. "अहो, उकिरडा आहे तो!"

मावशींचा चेहरा पडला. "आता गं? पूजा झाली की. पुजलेलं पेटवल्याबिगर कसं ठिवायचं?"

कुणी मला दोष देईना, कुणी मागेही सरेना. सणाचा प्रश्न होता, त्यात मी काय बोलणार? तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. सावकाश खड्ड्यापाशी आले, उपरणं खाली ओढलं आणि म्हणाले, "मावशे, तुमच्या गावाकडं दिवाळीला उकिरड्यावर दिवा लावत नव्हते का?"

"लावायचो की."

"मग? उकिरडा पुजतेत. पेटवत नाय कुनी. पूजा झाली ती बराबर झाली."

मावशी अशा हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. "भर होळीला दिवाळी केली गं माय मी!" सगळी गल्ली हसली. आता होळी कुठं, असा प्रश्न निघाला तेव्हा मावशींनीच नैवेद्याचं ताट उचललं. पलीकडच्या गल्लीतही होळी असते, तिथं जाऊ, म्हणाल्या. "हितं नको. ह्यान्ला तरास व्हतो." माझ्या शिकवणीनं जे झालं नव्हतं ते असं झालं. मी पुरणाच्या हातांनीच डोळे पुसले.

त्यानंतर आमच्या गल्लीत पाला पेटला नाही. कारखाने अजून धूर सोडतात, ऊन अजून तितकंच आहे आणि ह्यांचा दमाही गेलेला नाही. पंप खिशात असतोच. पण खिडक्या उघड्या असतात, कूलर चालतो आणि हे संध्याकाळी बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. लिंबांच्या बुंध्यापर्यंत ओतलेलं सिमेंट गल्लीतल्या माणसांनी पहारीनं फोडून आळी केली आहेत. खत तयार झालं की ते तिथंच घालायचं ठरलंय.

पाडव्याला मुलगा गाडी घेऊन आला. मी एकही पेटी बांधली नव्हती आणि भांडणाची पूर्ण तयारी करून बसले होते. त्यानं जेवताना तो विषयच काढला नाही. जेवण झाल्यावर बाहेर लिंबाखाली टाकलेल्या बाजेवर जो आडवा झाला, तो उन्हं कलली तरी उठेना. चहा घेऊन गेले तेव्हा तो वडिलांकडे बघत होता. हे मावशींशी शेणाच्या थरावरून तावातावानं वाद घालत होते.

"आई," तो हळूच म्हणाला, "आमच्या धाकट्या पोरीचा खोकला तिकडं हटतच नाही. घराला लागून बांधकाम चाललंय, सारखी धूळ. सुट्टीभर तिला इथं ठेवू का?"