दसऱ्यापर्यंतचं प्लॅस्टिक

गुढीपाडव्याला मी सायकल घेतली. गिअरवाली, निळी, वाशीत आमच्या सेक्टरात तशी दुसरी नव्हती. तेवढ्या पैशांत दोन साध्या काळ्या सायकली आल्या असत्या, आणि बायकोने ते तेव्हाच बोलून दाखवलं होतं. मला हौस होतीच, पण गरज जास्त होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी प्रोबेशनवर होतो. पाळी सकाळी सातची आणि बस तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. दिवाळीपर्यंत तीन लेटमार्क पडले तर नोकरी कायम होणार नाही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

सायकलच्या नळ्यांना खाकी कागद आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं. बायको म्हणाली, "काढून टाका की हे. आपली सायकल आपल्याला दिसू तरी द्या."

मी तिच्यावर डाफरलो. आमच्याकडे नवी वस्तू अशी लगेच उघडी करत नसत. घड्याळाच्या काचेवरचा पारदर्शक कागद आपण होऊन गळून पडेपर्यंत माझ्या वडिलांनी त्यातूनच वेळ पाहिली होती. दसऱ्याला पूजा करताना प्लॅस्टिक काढू, म्हणजे सायकल पुन्हा कोरी दिसेल, असा माझा बेत होता.

आठवड्याभरात चेन पडायला लागली. मागचं चाक ब्रेकला घासायचं. हँडल सरळ धरलं तरी सायकल आपली डावीकडे ओढायची, हट्टी बैलासारखी. तुर्भ्याच्या चढावर चेन पडली त्या दिवशी पहिला लेटमार्क लागला. काळे हात घेऊन मी गेटवर उभा होतो आणि पहारेकरी माझं कार्ड निवांत वाचत होता.

दुकानदार जवळच्या गावातला. नवं शहर वसवताना जमीन गेल्यावर त्याने सायकलींचं दुकान टाकलं होतं. सहा महिन्यांची गॅरंटी त्यानेच बिलावर लिहून दिली होती. "टेन्शन नका घेऊ, साहेब. नवीन गाडी हाय, चालवता चालवता बसंल," तो म्हणाला. त्याने चाकाच्या तारा आवळल्या. पुढच्या सुट्टीला चेन बदलली. त्याच्या पुढच्या सुट्टीला ब्रेक. दर वेळी सायकल चार दिवस बरी चालायची आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझी प्रत्येक सुट्टी त्या दुकानाच्या बाकड्यावर गेली. पावसाळ्यात दुसरा लेटमार्क पडला. घरी मी भाताच्या कुकरवरही चिडायला लागलो होतो.

आणि माझं काम काय, तर तपासणीचं. बाहेरून आलेल्या मालाला गेज लावून मी दिवसभर मापं तपासायचो. खोकं न उघडता सही करणाऱ्या एका सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

दसऱ्याला बायको हळदकुंकू घेऊन आली. मी ब्लेडने प्लॅस्टिक कापलं. आत पावसाचं पाणी मुरून कागदाचा लगदा झाला होता. तो निघाला तेव्हा मागच्या चाकाकडे जाणारी डावी नळी दिसली. ती सांध्यावर तिरपी जोडलेली होती. फट पुट्टीने बुजवून वर छान निळा रंग फासला होता, आणि आता त्यातून गंजाचा ओघळ आला होता. मूळ सांगाडाच वाकडा; चाक आणि चेन बिचारी काय करणार? मला स्वतःचाच इतका राग आला की हातातलं ब्लेड मी अंगणात भिरकावलं.

बायको म्हणाली, "पाडव्याला दिसलं असतं हे." एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन उभी राहिली. पूजा मात्र तिने केली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी सायकल हाताने ढकलत दुकानात नेली. दुकानदाराने वाकून सांधा पाहिला, मग बिल पाहिलं. "सहा महिने तर होऊन गेले, साहेब. आनि तुमी कागदच नाय काढला, त्याला मी काय करू?"

मी तिथे खूप भांडलो. घसा बसेपर्यंत भांडलो. पण तो जे बोलला तेच मी सहकाऱ्याला सुनावलं होतं, हे भांडतानाच माझ्या लक्षात येत होतं.

दिवाळीपर्यंत मी चालत गेलो. साडेपाचला घर सोडायचं आणि गेट उघडायच्या आधी तिथे उभं राहायचं. तिसरा लेटमार्क पडला नाही. धनत्रयोदशीला साहेबांनी बंद पाकीट हातात दिलं. मी ते तसंच घरी आणलं, देवापुढे ठेवलं आणि मग चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला निघालो.

बायकोने माझ्या हातातून पिशवी घेतली, पाकीट फाडलं आणि आतला कागद माझ्यापुढे धरला.

"आधी वाचा," ती म्हणाली. "मागची बाजूसुद्धा."

पुढे नोकरी कायम झाल्याचं होतं, मागे बारीक अक्षरात अटी. मी उभ्याउभ्याच दोन्ही बाजू वाचल्या.