‘आपला’ म्हणण्यापुरतं

दुकान विकायला काढलं तेव्हा बाईंना वाटलं होतं, घेणारा मालाकडे बघेल. माल म्हणजे जुन्या लिफ्टचे सुटे भाग. दारांची चाकं, ब्रेकच्या कॉइली, कंपन्यांनी बनवायचे कधीच सोडून दिलेले स्विच. घेणारा आला, त्याने कपाटांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं भंगार आहे. मला तुमची माणसं हवीत."

बाईंना राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

बाई मुळातल्या टायपिस्ट. एका लिफ्ट कंपनीच्या सुट्या भागांच्या खात्यात होत्या. कंपनीने ते खातं गुंडाळलं, पण मेकॅनिक लोकांचे फोन काही थांबेनात; ते बाईंच्या घरी येऊ लागले. कुठला भाग कुणी नेला, कुणाच्या गोदामात धूळ खात पडलाय, हे बाईंच्या डोक्यात असायचं आणि ‘माहीत नाही’ म्हणून फोन ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एवढ्या भांडवलावर दुकान उभं राहिलं. हल्ली याला नेटवर्किंग म्हणतात, त्याची शिबिरं भरतात, हात कसा मिळवायचा ते शिकवायला माणसं येतात. बाईंच्या बाबतीत त्याचा अर्थ इतकाच झाला, की उभ्या जन्मात त्यांना एक जेवण गरम मिळालं नाही.

आता त्या दमल्या होत्या. पाय संध्याकाळी चपलेत मावत नसत. दुसऱ्या गावी थोरल्या बहिणीचं, ताईचं, तळमजल्याचं घर होतं. नवरा गेल्यापासून ताई एकटी होती, आणि बाईंनी तिथे राहायला जायचं दोघींनी ठरवलं होतं. ताईने एकच बजावलं होतं, "तू ये. तो मेला फोन आणू नकोस."

घेणाऱ्याचीही एकच अट होती. जुन्या लिफ्टवाल्यांचा वर्षाचा मेळावा तोंडावर आला होता. तिथे बाईंनी सगळ्यांशी त्याची ओळख करून द्यायची, मग सही.

अट ऐकायला सोपी होती, पण या धंद्यातली ओळख वेगळी. एरवी ‘आपला’ हा शब्द आपण कुठेही सांडतो. पत्राखाली अनोळखी माणूससुद्धा ‘आपला’ म्हणून सही ठोकतो. लिफ्टवाल्यांत मात्र त्याला वजन आहे. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे म्हातारे घरात कोंडले जातात. कागदपत्रं होईपर्यंत कोण थांबणार? तेव्हा ‘तो आपला आहे’ एवढं कुणी म्हटलं की भाग ताबडतोब निघतो, बाकीचं मागाहून. आणि त्या माणसाने दगा दिला, तर ज्याने ‘आपला’ म्हटलं त्याची मान अडकते.

मेळाव्याआधी थोडे दिवस घेणारा दुकानात येऊन बसू लागला. माणूस वाईट नव्हता. नम्र होता, वेळेवर यायचा, चहाचे कप स्वतः विसळायचा. एका दुपारी बाई आतल्या खोलीत टेबलावर डोकं टेकून पडल्या होत्या तेव्हा फोन वाजला. एका प्रसूतिगृहाची लिफ्ट बंद होती, ब्रेकची कॉइल हवी होती.

"सॉरी, आमच्याकडे नाहीये," तो गोड आवाजात म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाई बाहेर आल्या. "कुणाकडे आहे ते सांगितलंत?"

"मॅडम, ज्याच्याकडे आहे तो आपला स्पर्धक आहे."

"फोन लावा परत."

त्याने लावला. बाईंनी पलीकडच्या मेकॅनिकला स्पर्धकाचा नंबर दिला, मग स्पर्धकाला फोन करून, कॉइल काढून ठेव, माणूस निघालाय, असं सांगितलं.

"यात आपल्याला काय मिळालं?" घेणाऱ्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"काही नाही."

"मग?"

"मग काय. असंच चालतं."

याहून जास्त समजावून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मेळावा एका हॉटेलच्या हॉलमध्ये, दुपारच्या जेवणाला. घेणारा कोट घालून आला होता. टेबलाटेबलांवर जाऊन त्याने कार्डं वाटली. लोकांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली, खिशात टाकली. एकाने दुमडून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलं; फार छान बसलं.

बाईंच्या समोर, सगळे ज्यांना मोटारवाले म्हणत ते म्हातारे गृहस्थ बसले होते. आयुष्यभर लिफ्टच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून, त्या चालवून बघून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांचं खाजगी बोलणंही हॉलभर ऐकू जायचं.

"बाई, हे कोण?"

"माझं दुकान घेतायत."

"ते कळलं. आपले का?"

टेबलावरचे चमचे थांबले. बाई तोंड उघडणार, तोच घेणारा हसत म्हणाला, "हो तर काका, आपलाच समजा मला."

कुणीतरी खोकलं. कुणी पाण्याचा ग्लास उगीच सरकवला. हा शब्द स्वतःबद्दल कुणी म्हणत नसतं. नवऱ्या मुलाने स्वतःच, मुलगा फार गुणी आहे हो, म्हणावं तशातली गत झाली.

"तुम्हाला नाही विचारलं," मोटारवाले म्हणाले. "बाईंना विचारतोय."

एकच शब्द. बाईंच्या डोळ्यांपुढे ताईच्या घरातली खोली आली, दुपारची झोप आली. म्हटला असता तर कोण फासावर चढवणार होतं? पण ती प्रसूतिगृहाची कॉइलही डोक्यातून जाईना.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

मोटारवाल्यांनी मान डोलावली आणि ते परत ताटाकडे वळले.

बाहेर पायऱ्यांवर घेणाऱ्याने त्यांना गाठलं. "मॅडम, एक शब्द तर होता."

"म्हटला असता तर उद्यापासून तुम्हाला माल मिळाला असता आणि परवापासून मला फोन आले असते, ‘बाई, आपला आहे असं तुम्हीच म्हणाला होतात.’"

त्याने कोट काढून हातावर घेतला. "मी काय चुकीचं बोललो, तेही मला कळलं नाही."

"माहितीये. तिथेच तर अडलंय."

"मग व्यवहार मोडला समजू?"

बाईंनी कठड्याला टेकून एक चप्पल काढली, पाय मोकळा केला. मोडला म्हणावं, तर दुसरा घेणारा कुठे रांग लावून उभा होता?

"सोमवारपासून फोन तुम्ही उचलायचे. मी शेजारी बसेन. पुढच्या मेळाव्यापर्यंत."

"वर्षभर?"

"मला काय हौस आहे?"

त्याने हातावरच्या कोटाची घडी घातली. "येतो सोमवारी," तो म्हणाला. "पण सही तेव्हाच."

"तेव्हाच."

बसथांब्यावरून बाईंनी ताईला फोन लावला.

"विकलंस का एकदाचं?"

"विकलंय म्हण. पण माझ्यासकट. यंदा नाही जमत, ताई."

"वाटलंच होतं मला. खोलीचे पडदे शिवायला टाकलेच नाहीत मी."

"टाक की शिवायला."

"तू ये आधी. मग टाकते."

बस आली. बसायला जागा नव्हती.