सगळं पुष्पादीदीनं केलं

ऑफिसचे किस्से कोणी जमवत नाही. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साचतात. एक ओढावी तर दहा अंगावर येतात. माझ्याकडे साचले ते सगळे एकाच ऑफिसचे. त्यांच्या शेवटी पुष्पादीदीची नोकरी जायची वेळ आली, आणि तिनं काहीच केलं नव्हतं. त्यामुळे सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

जर्मनीत शिकत असतानाच मी ठरवलं होतं, परतायचं ते रायपूरलाच. शहराबाहेर नवी राजधानी उभी राहत होती. मला वाटायचं, इतक्या नव्या इमारतींत जुन्या सवयी शिरणार नाहीत! आमच्या ऑफिसचं काम म्हणजे रायपूरच्या पंडरी बाजारातल्या लहान दुकानदारांना नव्या राजधानीत गाळे वाटणं. अर्ज वेबसाइटवर यायचे, आम्ही त्यांना पात्र किंवा अपात्र ठरवायचो. ती वेबसाइट बनवायचं काम माझं. त्यात मी एक सोय केली. कोणत्याही अर्जात काहीही बदललं, की आधी काय होतं, आता काय आहे, कोणी बदललं आणि केव्हा, हे सगळं 'हिस्टरी'त कायमचं नोंदलं जायचं. ते कोणालाच पुसता यायचं नाही, अगदी मलाही नाही. बदल लपवता आला नाही की माणूस खोटं करणार नाही, अशी माझी पक्की श्रद्धा होती.

*

पहिला डेमो आमच्या साहेबांना दिला. साहेब मूळचे वर्ध्याचे. दोन पिढ्या रायपुरात काढल्या तरी बोली तीच. त्यांनी एक अर्ज बदलून पाहिला, खाली हिस्टरीत स्वतःचं नाव उमटलेलं पाहिलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे माह्याकडून चूक झाली, तर तेबी दिसन?"

"हो सर. कायमची."

"बहुत छान केलं पोरी," साहेब म्हणाले. "आता फक्त साहेब लोकाईची चूक दिसणार नाही, एवढी सोय करून टाक!"

*

मग मी बदलाचं कारण लिहिणं सक्तीचं केलं. पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येक बदलाखाली एकच कारण आलं: 'साहब बोले'.

साहेब लालबुंद! "माहं नाव काहून लिहून राहिले सगळे?"

आमचे ऑपरेटर तिवारी भैया हात जोडून म्हणाले, "सर, आप ही तो बोले थे."

"बोललो असन. पण लिहायचं असते का?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बदलाखाली नवं कारण यायला लागलं: 'स्वेच्छा से'.

*

आता पुष्पादीदी. ती कंत्राटी ऑपरेटर, बोलायला मऊ, कामाला चोख. बसमधून उतरून धापा टाकत यायची आणि आधी माझ्या टेबलावर मूठभर मुर्रा, म्हणजे आपले मुरमुरे, ठेवायची. तिचा पासवर्ड म्हणजे तिच्या मुलीचं नाव. ते सगळ्यांना माहीत, कारण फोनवर दिवसभर तिचा त्याच नावानं पुकारा चालायचा.

माझी हिस्टरी येण्याआधी प्रत्येक जण आपापल्या आयडीवर काम करत होता. हिस्टरी आली, आणि महिन्याभरात सगळं ऑफिस पुष्पादीदीच्या आयडीवर गेलं! मी एकेकाच्या स्क्रीनमध्ये डोकावून बघते तर तिवारी भैया पुष्पा, शेजारचे पुष्पा, पलीकडचे पुष्पा.

"भैया, तुमचा आयडी कुठे गेला?"

"दीदी, वो तो लॉक हो गया."

"मी उघडून देते. आत्ता."

"रहने दो न दीदी. जनरल डिब्बे में जगह है, तो रिज़र्वेशन काहे को कराएँ?"

मी साहेबांकडे गेले. त्यांच्या स्क्रीनवरही वर कोपऱ्यात लिहिलेलं: 'नमस्कार, पुष्पा'.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"अव, माहा आयडी साहेबाचा आहे," ते शांतपणे म्हणाले. "त्याच्यावर काम करणं शोभते का?"

*

मी पुष्पादीदीला बाजूला घेतलं आणि पासवर्ड बदलायला लावला. तासाभरात तिवारी भैया तिच्या टेबलापाशी. "क्या पुष्पा, हम पर भरोसा नहीं?"

तिनं लगेच नवा सांगितला. मी चिडले, तर मलाच समजावू लागली. "कंत्राट हर साल नया होता है दीदी. नाराज़गी कहाँ रखूँ?"

*

वर्षअखेरीस वरून विचारणा झाली, सर्वांत जास्त काम कोणी केलं? उत्तर कॉम्प्युटरनं दिलं. पुष्पादीदी पहिली, आणि दुसऱ्या नंबरला कोणी नव्हतंच. छोटा कार्यक्रम झाला. साहेबांनी भाषणात तिची निष्ठा वाखाणली. ज्या महिन्यात तिनं सर्वांत जास्त अर्ज निकाली काढले, त्या महिन्याचा तर खास उल्लेख केला.

शाल घेताना ती माझ्या कानाशी कुजबुजली, "दीदी, उस महीने तो मैं मायके में थी! भाभी को बच्चा हुआ था."

साहेबांनी ऐकलं. हसत हसत नारळ तिच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शाल घे न बाई. कायले हिशेब लावतं?"

*

हे मी जुन्या शहरात, बुढापारा भागातल्या आमच्या घरी जेवताना सांगितलं. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी वरणभात कालवता कालवता ऐकलं.

"तू लोकाईचं खोडरबर काढून घेतलं," ते म्हणाले. "मग ते दुसऱ्याची पेन्सिल घेतीनच न!"

आईला हसू आलं. मला आलं नाही. पुष्पादीदीलाही पुढे येणार नव्हतं.

*

पंडरीतल्या एका दुकानदारानं तक्रार केली. फुटपाथवर ब्लाउजपीस विकणारा माणूस. यादीत तो पात्र होता, एका दुपारी अपात्र झाला, आणि त्याचा गाळा भलत्याला गेला. चौकशी लागली. वरून एक अधिकारी आले. हिस्टरी उघडा म्हणाले. मी उघडली. बदल करणाऱ्याचं नाव: पुष्पा.

मीटिंगच्या खोलीत पुष्पादीदीला समोर खुर्चीवर बसवलं. मी प्रोजेक्टरपाशी, साहेब आणि तिवारी भैया भिंतीला टेकून. अधिकारी म्हणाले, "ये नाम आपका है?"

"हव साहब."

"तो ये बदलाव आपने किया?"

"नहीं साहब."

"आपके नाम से कोई और करेगा?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे. तिवारी भैयांनी स्वतःच्या चपलांकडे.

मी म्हटलं, "सर, इस आईडी से पूरा ऑफिस काम करता है."

"सबूत?"

सगळी यादी दाखवावी म्हणून मी पान रिफ्रेश केलं. सर्वांत वर एक नवी ओळ आली. मग दुसरी. बाहेरच्या हॉलमध्ये काम चालूच होतं. वेळ आत्ताची, नाव पुष्पा, कारण 'स्वेच्छा से'.

मी जवळजवळ ओरडलेच, "सर, बघा! या इथे बसल्या आहेत, यांच्यासमोर कॉम्प्युटरसुद्धा नाही!"

अधिकाऱ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. पुष्पादीदीच्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. पुन्हा स्क्रीनकडे. आणि टेबलावर मूठ आपटली.

"हिम्मत देखो इसकी! जाँच चल रही है, और ये अभी भी कर रही है!"

कोणीही हसलं नाही.

खोलीबाहेर साहेबांनी मला गाठलं. 'हिस्टरी अचूक असून तीत फेरफार होऊ शकत नाही' एवढ्या एका वाक्याखाली माझी सही हवी होती. ती झाली की पुष्पादीदीचं कंत्राट संपणार होतं. "खोटं थोडीच लिहून राहिली तू," साहेब म्हणाले. "तूच तर सांगत होती न, कायमचं म्हणून? उद्या दुपारपर्यंत दे."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या बसनं गेले. पुष्पादीदीला फोन करून घरीच थांबायला सांगितलं. तिचा आयडी माझ्या आयडीवरून, हिस्टरीत माझंच नाव उमटेल असा बंद केला, चौकशीच्या अधिकाऱ्यांना फोन करून दहा वाजता माझ्या खोलीत बोलावलं, आणि दार सताड उघडं ठेवून बसले, पासवर्ड का चालत नाही हे विचारायला कोण कोण येतं ते पाहत.