उजव्या बाजूचं चाक

दुपारचं जेवण झाल्यावर मी खाटेवर आडवी होते. सून शाल्मली स्वयंपाकघरात भांडी लावते आहे. तो आवाज ऐकू येतो, मग येईनासा होतो. पंख्याच्या वाऱ्यानं छत हलतं. छत हिरव्या कापडाचं आहे. मी तंबूत आहे, मेळघाटात.

बाहेर जीपजवळ हे उभे आहेत. हे म्हणजे माझे यजमान. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि सुट्टी लागली की लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जुन्या जीपमधून मला जंगलात मुक्कामाला न्यायचे. त्यांना जाऊन बेचाळीस वर्षं झाली. केस अजून काळेभोर. मी मात्र ऐंशीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली.

"अगं इंदू, चहा राहू दे. ओढा चढायच्या आत पलीकडे जाऊ."

"तुम्हाला नेहमीच घाई. त्या दिवशीही..."

"अजून तोच दिवस चाललाय."

तंबूच्या दारातून मी माझ्या स्वयंपाकघरात येते. ओट्याखालून ओढा वाहतो आहे, तांबडा. मधोमध जीप, आत हे. शाल्मली पाठमोरी भांडी लावते आहे. तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत आणि तिला ते कळत नाही.

त्या जीपच्या चारही चाकांना जोर हवा असला, तर खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरची चकती हातानं फिरवावी लागे. ते काम माझं. दोन्ही फिरवायच्या, एक जरी राहिली तरी पुढची चाकं ओढत नसत; मग "झालं" म्हणायचं आणि काठावर थांबायचं. त्या दिवशी उजवं चाक खाजकुयलीच्या वेलात घुसलं होतं. शेंगा लोंबत होत्या. अंगाला लागल्या की दिवसभर आग. मी डावीकडची फिरवली आणि म्हणाले, "झालं." पाणी तेव्हा पोटरीएवढंच होतं. गाडी मधोमध रुतली आणि वरच्या डोंगरातला पूर आला. हे तिसऱ्या दिवशी सापडले. लोक म्हणाले, ओढ्यानं नेलं. मीही तेच सांगत आले.

"दोन्ही फिरवल्यास?" हे जीपमधून विचारतात.

"फिरवल्या."

पाणी सीटला लागतं.

"एकच," मी म्हणते. "खाजेला भ्याले. एकच फिरवली होती."

"ते मला तिथंच कळलं. पुढची चाकं ओढेनात." हे हसतात. दातांवर गाळ आहे. "प्रोफेसरची बायको आणि एका वेलीला भ्यायली."

"रागावलात?"

"रागवायला वेळ कुठे मिळाला? आता फिरव. बेचाळीस वर्षं गाडी इथंच अडकलीय. मला तुझ्याकडे येता येत नाही."

मी पाण्यात उतरून उजव्या चाकावरच्या वेलात हात घालते. चकती जाम आहे. दोन्ही हातांनी जोर लावते, तशी ती खट्‌कन बसते. पुढची चाकं जमीन धरतात. जीप पलीकडच्या काठाला जात नाही. सावकाश वळून तोंड माझ्याकडे करते.

"तयार राहा," हे म्हणतात. "निघालोच."

"आई, चहा." शाल्मली खाटेशी उभी आहे. तिचे पाय कोरडे आहेत. "अगंबाई, हात कशात घातला होता?"

माझी बोटं काळी झाली आहेत. जुनं, घट्ट ग्रीस, आणि नखांत तांबडी वाळू. ती ओलं फडकं आणायला जाते.

म्हणजे चकती खरंच फिरली.